पाळणाघरात कॅमेरा आहे का, एवढंच विचारून थांबू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाळणाघरांमधल्या सीसीटीव्हीवर आपल्या पेपरात आलेला लेख वाचला. त्यात पालकांची जी मतं छापली होती त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, की कॅमेरा हवा आणि त्याचं लाइव्ह आपल्या मोबाइलवर दिसायला हवं. मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते, बरीच वर्षं चालवते, लहानपणी माझ्याकडे राहून गेलेल्या मुली आता स्वतःची बाळं घेऊन चौकशीला येतात आणि त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो. कॅमेरा आमच्याकडे आहे, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण आहे म्हटलं की पालकांचे बाकीचे प्रश्न तिथेच संपतात आणि मला त्याचीच फार काळजी वाटते, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

खारघरची घटना आठवत असेल सगळ्यांना. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईनेच मारलं, लाथा मारल्या, ते सगळं सीसीटीव्हीत आलं आणि टीव्हीवर दिवसभर दाखवलं गेलं. तेव्हा सगळे म्हणाले बघा, कॅमेरा होता म्हणून कळलं. खरंय, पोलिसांना पुरावा मिळाला. पण बाळाला मार बसत होता तेव्हाही तो कॅमेरा चालूच होता ना. लक्षात आलं ते आईने बाळाच्या अंगावरच्या खुणा बघितल्यावर, फुटेज त्यानंतर काढून बघितलं गेलं. त्या क्षणी खोलीत दुसरं मोठं माणूस असतं, जे म्हणालं असतं की अगं थांब, तू बाहेर जाऊन पाणी पिऊन ये, मी घेते हिला, तर त्या बाळाचा मार वाचला असता. मला एवढंच म्हणायचंय की लहान मुलांना माणसंच सांभाळतात, आणि पाळणाघर चांगलं की वाईट हे तिथे माणसं किती आहेत, कशी आहेत आणि टिकून आहेत का यावरून कळतं. आता हे नीट सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी, एका बाईच्या हाताखाली मुलं किती. केंद्र सरकारचं २०१३ चं बालसंगोपन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय धोरण आहे, त्यात लिहिलंय की तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक. ही कमीत कमी अट आहे आणि मला विचाराल तर वर्षाच्या आतल्या बाळांसाठी ती अजिबात पुरेशी नाही, एक बाई तीन किंवा फार तर चार तान्ही बाळं नीट सांभाळू शकते, त्यापुढे ती फक्त धावत असते. विचार करा ना, एकाचं डायपर बदलायला घेतलंय म्हणजे दोन्ही हात अडकले, दुसरं भुकेने रडतंय, तिसरं रांगत रांगत प्लगपाशी निघालंय आणि चौथ्याला नुकताच डोळा लागलाय ते या रडण्याने उठणार. यात ती बाई कितीही प्रेमळ असली तरी कुणावर तरी ओरडणारच. बऱ्याचशा वाईट वागण्याची सुरुवात अशी दमण्यातून होते, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की मला त्यात शंका नाही. म्हणून पालकांनो, एकूण मुलं किती हे विचारून भागत नाही, माझं बाळ ज्या खोलीत असेल तिथे मुलं किती आणि बायका किती हे विचारा, आणि जेवायला किंवा सुट्टीवर एक बाई गेली की तिच्या जागी कोण येतं तेही विचारा.

त्याच धोरणात जागेचाही हिशोब आहे, ३० मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि तेवढ्याच मुलांसाठी ३० चौरस मीटर मोकळी जागा. ३५ चौरस मीटर म्हणजे पावणेचारशे स्क्वेअर फूट. आमच्या भागातला वन बीएचके साधारण तेवढाच असतो आणि त्यात किचन, बाथरूम, कपाटं सगळं आलं. तर अशा फ्लॅटमध्ये कुणी पंचवीस तीस मुलं ठेवत असेल तर भिंतीवर मिकी माउस कितीही छान काढलेला असो, मुलांना पाय पसरून झोपायलासुद्धा जागा नाहीये एवढं समजून घ्या.

आणि वेळ. डोंबिवली बदलापूरकडच्या आयांचा दिवस काय असतो ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको, सकाळी सातची लोकल पकडायची तर बाळ साडेसहाला आमच्या दारात, गाड्या वेळेवर असतील तर संध्याकाळी साडेसात, नसतील तर नऊ. तेरा तास तरी. एकच बाई तेरा तास मुलं सांभाळत असेल तर शेवटच्या दोन तासात तिच्यात काय उरणार. आमच्याकडे दोन शिफ्ट आहेत आणि मधे अर्धा तास दोन्ही शिफ्टच्या बायका एकत्र असतात, त्यात सकाळची दुपारचीला सांगते की ह्याने आज वरण खाल्लं नाही, हिला शी पातळ झाली, ह्याच्या आजीला काल हॉस्पिटलमध्ये नेलंय म्हणून तो चिकटतोय. या अर्ध्या तासाचे पैसे मी दोघींना देते आणि फी ठरवताना ते धरते. पालक म्हणतात तुमची फी जास्त आहे, तेव्हा मी हेच समजावून सांगते.

आता माणसं टिकण्याबद्दल, याच्यावर कुणीच बोलत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे सहा महिने, ज्यांना मिळते त्यांना. त्यामुळे बाळं आमच्याकडे सहा सात महिन्यांची असताना येतात. आणि साधारण आठव्या नवव्या महिन्यापासूनच बाळाला ओळखीचा चेहरा आणि परका चेहरा यातला फरक टोचायला लागतो, आई नजरेआड झाली की ते जीव तोडून रडतं, आणि हे पुढे दीड वर्षापर्यंत कमीजास्त चालतं. हे वाढीचं लक्षण आहे, बाळ लाडावलंय असं त्यात काही नाही. पण याच वयात त्याला दर महिन्याला नवीन मावशी मिळत असेल तर ते कुणावर भरवसा ठेवणार. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाळाची एक ठरलेली ताई असते, त्याला भरवणं, बदलणं, झोपवणं शक्यतो तीच करते, आणि आईशी रोजचं बोलणंही तिचंच. इंग्लंडमध्ये तर पाळणाघरातल्या प्रत्येक मुलासाठी असं ठरलेलं माणूस असायलाच हवं असा नियम आहे. आपल्याकडे नियम नाही पण करायला पैसा लागत नाही, फक्त ठरवावं लागतं.

पहिल्या दिवसांबद्दलही सांगते. बऱ्याच ठिकाणी पालकांना सांगतात की मुलाला दारात सोडा आणि त्याचं लक्ष नसताना गुपचूप निघून जा, दोन दिवस रडेल मग सवय होईल. कृपा करून असं करू नका. त्याला सवय होते ती आई कधीही न सांगता नाहीशी होऊ शकते याची, मग ते घरीसुद्धा आईला बाथरूमला जाऊ देत नाही. पहिल्या दिवशी आई किंवा बाबा किंवा आजी मुलासोबत तासभर बसा, दुसऱ्या दिवशी थोडं बाहेर जाऊन या, रोज वेळ वाढवा, आणि जाताना डोळ्यात बघून सांगून जा की मी ऑफिसला जाते आणि खाऊ खाऊन झाल्यावर न्यायला येते, आणि मग खरंच या. रडू दे त्याला, रडताना ताईने जवळ घेतलं की झालं. आठवडा जातो यात, कुणाकुणाचे दोन, आणि नव्या नोकरीवर तेवढी रजा मिळत नाही हे मलाही माहितीये, पण मग आजोबा मामा कुणी तरी बसा. पालकांना आत थांबूच देत नाही असं जे पाळणाघर सांगतं तिथे मी माझं मूल ठेवणार नाही.

ताई टिकायची तर तिला पगार टिकण्यासारखा हवा. इथे मला अगदी स्पष्ट बोलायचंय. आज बऱ्याच पाळणाघरात मावशींना जो पगार मिळतो त्याहून जास्त चार घरची धुणीभांडी केली तर मिळतो, मग ती का थांबेल. अंगणवाडीचं तरी काय वेगळं आहे, देशात २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आज आपल्या राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन उंची लसीकरण आहार शिक्षण सगळं त्या सेविकेवर, वर सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर सगळं भरायचं, वर सर्व्हे आले की तेही, आणि तिला मिळतं ते मानधन, पगार म्हणायचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये या बायका संपावर गेल्या तेव्हा तो संप जानेवारी उजाडला तरी चालू होता. ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे ठरवायला एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. लहान मुलांचं काम म्हणजे बायकांचं काम, त्यात काय शिकायचंय, त्याचे काय पैसे द्यायचेत ही जी समजूत आहे ती फ्लॅटमधल्या पाळणाघरापासून सरकारपर्यंत सगळीकडे सारखीच आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

शिकायचं काय असतं ते ऐका मग. डायपर बदलणं घ्या. युरोपात हंगेरीमध्ये एमी पिकलर नावाच्या एक बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी एक घर चालवायला घेतलं, आणि तिथे नवीन येणाऱ्या बायकांना बाळाला उचलायचं कसं, कपडे बदलायचे कसे हे बारकाईने शिकवलं जायचं. उचलण्याआधी बाळाला सांगायचं, मग हात पुढे करायचे, त्याने तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचं, बदलताना बोलत राहायचं की आता पाय वर घेतेय हं, गार लागेल थोडं. दिवसातून सहा सात वेळा डायपर बदलतो म्हणजे सहा सात वेळा त्या बाळाला एकट्याला कुणाचं तरी पूर्ण लक्ष मिळतं. तेच मोबाइलवर बोलत बोलत गाठोडं उचलल्यासारखं केलं तर बाळाला काय वाटतं ते त्याच्या ताठ झालेल्या अंगावरून कळतं. हात धुणं तर आलंच, प्रत्येक डायपरनंतर साबणाने, नाहीतर एकाचे जुलाब आठवड्यात सगळ्यांना.

भरवण्याचं तसंच. पालक डबा देतात आणि संध्याकाळी रिकामा बघायची सवय असते, त्यामुळे मावशी पोराच्या समोर मोबाइल लावते आणि तोंड उघडलं की घास कोंबते. आमच्याकडे डबा अर्धा परत गेला तर अर्धाच जातो आणि वहीत तसं लिहून जातं. पोट भरलं की मान फिरवणं हे मुलाचं बोलणंच आहे, ते ऐकायला हवं. आणि खाण्यात काय चालतं काय नाही हे मावशीला तोंडपाठ असायला हवं, वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी नाही, लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, कारण श्वासनलिकेत अडकलं तर हॉस्पिटलला पोचेपर्यंत वेळ नसतो. अशा वेळी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि वर्षावरच्या मुलाला पाठीवरच्या थापांनी सुटलं नाही तर पोटावर मागून दाब. घशात बोट घालून उगाच चाचपडायचं नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून हाताला सवय लागावी लागते, आणि दर वर्षी परत करावी लागते. तुमच्या पाळणाघरातल्या मावशीला हे येतं का, विचारलंय कधी?

झोपेचंही आहे. तान्ह्या बाळाला पाठीवर झोपवायचं, तोंडाजवळ उशी दुपटं खेळणी ठेवायची नाहीत आणि कुणीतरी त्या खोलीत असायलाच हवं. आणि झोपावं म्हणून औषध, हे तर कधीच नाही. सर्दीच्या काही सिरपने मुलं पेंगतात हे सगळ्यांना माहिती असतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या औषधातलं एक नेहमीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायला सांगितलंय. आमचा नियम साधा आहे, डॉक्टरची चिठ्ठी आणि पालकांची सही असेल तरच औषध, किती वाजता किती दिलं ते लिहायचं आणि देताना दुसरी बाई बघायला हवी. घरून दप्तरात लपवून पाठवलेली बाटली आम्ही परत पाठवतो, पालक रागावतात, चालतं.

आता बदलापूर. हे लिहिताना अजून हात जड होतो, आमच्यापासून काही स्टेशनांवरच गाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या मुलींवर सफाईच्या कंत्राटी कामगाराने शाळेच्या टॉयलेटमध्ये अत्याचार केले आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. त्यानंतर सगळीकडे कॅमेऱ्यांचीच चर्चा. पण टॉयलेटच्या आत कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. तिथे उपयोगी पडतं ते एवढंच, की लहान मुलांना शी शूला कोण नेणार हे ठरलेलं असणं, ती त्यांची ओळखीची ताई असणं, बाहेरचं दार उघडं असणं, आणि नुकत्याच कामाला लागलेल्या, पोलिसांकडून चौकशी न झालेल्या कुठल्याही माणसाला, बाई असो वा पुरुष, मुलांसोबत एकटं न सोडणं. आणि मुलाने दुखतंय म्हटलं की ऐकणं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा संशय जरी आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुख्याध्यापिकेची किंवा मालकाची परवानगी लागत नाही. साधी आया सुद्धा फोन करू शकते, मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं आणि हेही, की माझ्याबद्दल संशय आला तर माझ्याविरुद्धही फोन करायचा. आपल्या संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं पाप आहे असं मी मानते.

मारण्याबद्दल वेगळं काय सांगू. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाला मारणं, छळणं यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण मारत नाहीत अशा ठिकाणीही घाबरवणं सर्रास चालतं, पोलिसकाका नेतील, अंधाऱ्या खोलीत ठेवीन, आई येणारच नाही आज. शेवटचं वाक्य तर मला ऐकवतच नाही. रडका, हावरट, काळू असली नावं पाडणं पण त्यातलंच. दोन वर्षांचं मूल चावतं, ढकलतं, कारण बोलता येत नाही आणि खेळणं हवं असतं. त्याला मधे हात घालून थांबवायचं, ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्यायचं, आणि मग चावणाऱ्याला शब्द द्यायचा, मला दे म्हण. शंभर वेळा करावं लागतं. उलट चावून दाखवा म्हणजे त्याला कळेल असा सल्ला अजूनही देणारी माणसं आहेत, त्यांनी या कामात येऊ नये.

आणि चावलं, पडलं, टेंगूळ आलं तर पालकांना त्याच दिवशी सांगायचं, काय झालं, किती वाजता, काय केलं, तेव्हा कोण हजर होतं. आमच्या वहीत पालकांची सही घेतो. चावणारं मूल कोणाचं ते मात्र सांगत नाही, कितीही आग्रह केला तरी, कारण संध्याकाळी ते नाव पालकांच्या ग्रुपवर फिरतं आणि मग त्या मुलाला वाढदिवसाला कुणी बोलवत नाही. ग्रुपवर फोटो टाकायचेही आम्ही बंद केलेत, प्रत्येकाला फक्त आपापल्या मुलाचे फोटो जातात, आणि उघड्या अंगाचा, आंघोळीचा, झोपेतला फोटो कुणीच काढायचा नाही. लाइव्ह कॅमेऱ्याबद्दल माझी शंका इथेच आहे, तुमच्या मोबाइलवर तुमचं मूल दिसतं तसं बाकीची सगळी मुलंही दिसतात, डायपर बदलतानाही दिसतात, आणि तो मोबाइल ऑफिसमध्ये कोण कोण बघतं हे कुणाला माहिती. रेकॉर्डिंग असावं, ते ठरलेल्या माणसांनी बघावं, पालकांना शंका असेल तेव्हा समोर बसून दाखवावं, एवढं मला पटतं.

एक मोठा विषय शिकवण्याचा. तीन वर्षाच्या मुलाला ए टू झेड लिहिता येत नाही म्हणून शेजारच्या प्लेग्रुपमध्ये हलवणारे पालक आहेत. त्या वयात मनगटाची हाडं अजून घडत असतात, पेन्सिल चिमटीत धरून रेघेत लिहायला ती तयार नसतात, त्याआधी खूप पीठ मळावं लागतं, माती कालवावी लागते, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतावं लागतं, मोठे मणी ओवावे लागतात, झोके घ्यावे लागतात. आणि बोलणं. गोष्टी, बडबडगीतं, चिऊताईचं घर, भाजी निवडताना गप्पा, आणि हे सगळं घरच्या भाषेत. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण पण तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरतं आणि खेळातून शिक्षण म्हणतं, अंगणवाड्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये आधारशिला नावाचा अभ्यासक्रम काढला त्यातही तेच आहे, आपल्या राज्याचा ‘आकार’ नावाचा अंगणवाडीचा अभ्यासक्रम तर त्याच्या आधीपासून आहे. पण कागदावर खेळ आणि वर्गात कर्सिव्ह अशी परिस्थिती आहे, कारण पालक मागतात आणि प्लेग्रुपला मुलं हवी असतात.

आपल्याला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरजच नव्हती हे जास्त वाईट वाटतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. मोठ्या मिशा असलेल्या गिजुभाईंना लोक प्रेमाने मिशीवाली आई म्हणायचे. ताराबाई १९४५ ला बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तिथली पानं, दगड, शंख, बिया हीच खेळणी, आधी मुलाचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. ज्या अंगणवाडीचं नाव आज देशभर आहे तिची मुळं आपल्या पालघरच्या पाड्यांवर आहेत आणि आपल्याच शहरातल्या आईबापांना ताराबाई कोण हे सांगावं लागतं. शाळेच्या नावात इंटरनॅशनल असलं की पुरतं.

आता सरकारकडे काय मागायचं ते लिहिते. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी प्लेग्रुप काढायला इतकी वर्षं कुणाला काही विचारायचीच गरज नव्हती, ब्यूटी पार्लर बंद करून त्याच गाळ्यात प्लेग्रुप काढलेले मी पाहिलेत. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, चांगलं झालं, पण नोंदणी म्हणजे फक्त नाव पत्ता आणि मुलांची संख्या असेल तर त्याने काय होणार, बाईमागे मुलं किती आणि त्या बाईने काय प्रशिक्षण घेतलंय हे कुणीतरी प्रत्यक्ष येऊन बघायला हवं, न सांगता. आणि घराघरात चालणारी पाळणाघरं, जिथे सगळ्यात लहान बाळं असतात, ती यात कुठेच नाहीत. कारखान्यात ३० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं असं २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने कायदा सांगायचा, बांधकामावर ५० हून जास्त बायका असतील तर तिथेही तसाच नियम होता, पण मोबाइल क्रेशेससारख्या संस्थांनी १९६९ पासून बांधकामांवर काम करून दाखवलं तरी आजही कितीतरी साइटवर बाळ सिमेंटच्या गोणीच्या सावलीत झोपलेलं दिसतं.

मात्र नियम करताना एक भान ठेवा अशी विनंती आहे. घरात पाच सहा मुलं सांभाळणारी काकू आणि तीस मुलांचं प्लेग्रुप यांना एकच माप लावलं, दोघांनाही मैदान आणि फायर एनओसी मागितली, तर काकूंचं पाळणाघर बंद पडेल किंवा लपून चालेल, आणि मोठ्या फ्रँचायझी तेवढ्या उरतील ज्यांची फी आमच्या इथल्या नर्सला, दुकानात उभं राहून काम करणाऱ्या मुलीला परवडत नाही. काकूंना आधी शिकवा, महापालिकेने प्रत्येक वॉर्डात वर्षातून दोनदा प्रथमोपचार आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण फुकट ठेवावं, त्याचं प्रमाणपत्र दारावर लावायला सांगावं, आणि दोन वर्षांनी परत. त्यानंतरही जी करणार नाही तिचं बंद करा.

आपल्या पेपरला माझी एक विनंती आहे. एप्रिल मे महिन्यात शाळांच्या जाहिरातींच्या पुरवण्या निघतात, जूनच्या आधी नवीन पालक त्याच बघून ठरवतात. त्यात अर्ध्या पानावर पालकांसाठी प्रश्न छापा, माझ्या बाळाच्या खोलीत किती मुलं किती बायका, त्याची ठरलेली ताई कोण आणि ती इथे कधीपासून आहे, पहिले दिवस मी थांबू शकते का, मी न कळवता मधेच आले तर आत घेता का, टॉयलेटला कोण नेतं, औषधाची आणि अपघाताची वही दाखवा, घशात अडकलं तर काय कराल ते करून दाखवा, माझ्याशिवाय कुणाच्या हाती मूल देता आणि त्याची खात्री कशी करता. प्रश्न तयार करायला मदत लागली तर आमच्या भागातल्या काही पाळणाघरवाल्या आणि दोन निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका बसायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. पानावर जागा नसेल तर निदान ठाणे जिल्ह्याच्या आवृत्तीत तरी छापा.

आपली,
एक पाळणाघर चालिका, डोंबिवली